तुम्ही विचारलंत म्हणून: मी प्रत्येक प्रश्नाला उत्तर का देते

"अगं, तो प्रश्न नव्हता! एवढंही कळत नाही?" हे मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावं लागतं. कळतं. चांगलं कळतं. "ही काय यायची वेळ झाली?" असं साहेब म्हणाले आणि मी "दहा वीस" म्हटलं, तेव्हा त्यांना घड्याळाशी घेणंदेणं नाही हे मला माहीत होतं. "या घरात माझं ऐकतंय कोण?" असं नवरा म्हणतो, तेव्हा "मी" हे उत्तर त्याला नको असतं, हेही. तरी देते. का, ते एकदाच लिहून टाकते.

व्याकरण कृपा करून मला शिकवू नका. वाक्यरूपांतरात माझे कधी मार्क गेले नाहीत. 'कोण नाही म्हणेल?' म्हणजे सगळे हो म्हणतील. 'मला कुठे वेळ आहे?' यातला 'कुठे' जागा विचारत नाही, 'मी थोडंच म्हटलं?' यातलं 'थोडंच' मोजायचं नसतं. शब्दांत खूण नसेल तिथे आवाज सांगतो. काव्यशास्त्रात या आवाजाच्या वळणाला काकू म्हणतात (नात्यातली नव्हे). समोरच्याच्या बोलण्याचा मुद्दाम वेगळाच अर्थ घेणं म्हणजे वक्रोक्ती. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने तिचे दोन प्रकार सांगितले, त्यातला एक श्लेषाचा (एका शब्दाचे दोन अर्थ), दुसरा या काकूचा. इ.स.पूर्व ६३मध्ये सिसेरो या वक्त्याने रोमच्या सीनेटमध्ये सत्तेविरुद्ध कट रचणाऱ्या कॅटिलाइनला भाषणाच्या पहिल्याच वाक्यात विचारलं, आमच्या सहनशीलतेचा अंत तू कुठवर पाहणार? त्याला काही तारीख नको होती.

बाबांनी विचारलं तेही असंच होतं. किंवा नव्हतं.

महिने नाहीत, आठवडे म्हणा, असं डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं. बाबांना आम्ही सांगितलं नव्हतं. संध्याकाळी मी त्यांच्या डाव्या हाताची नखं काढत होते. ते छताकडे बघत म्हणाले, "किती दिवस चालायचं हे असं?" मी म्हटलं, "असं काय बोलता बाबा?" बघा, मीही प्रश्नच केला, आणि मलाही उत्तर नको होतं. ते काही बोलले नाहीत. उजवा हात पुढे केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाराशी पोचले, तर आत तेच वाक्य, तसंच, नर्सला. ती नळीची गाठ सोडवत होती. मान वर न करता म्हणाली, "काय, सलाईन?" बाबा क्षणभर थांबले. "हो. सलाईन."

"उद्यापर्यंत."

"बरं," म्हणाले आणि डोळे मिटले.

खरा आकडा माझ्याकडे होता. मी नखं काढत बसले.

तेव्हाची मी अजून भांडते माझ्याशी. त्यांना जाणून घ्यायचंच असतं तर सरळ विचारलं असतं, म्हणते. खरंच? असलं सरळ कोण विचारतं? (हे वाक्य मी आत्ता लिहिलं. सवय.) अशा प्रश्नाची सोयच ती आहे. विधान केलं की कोणी खोडून काढतं, असा प्रश्न टाकला की उत्तर ऐकणाऱ्याच्या मनात उमटतं आणि ते त्याला स्वतःचंच वाटतं. वक्त्यांना म्हणूनच तो आवडतो. अंगाशी आलं तर "मी फक्त विचारलं" म्हणता येतं. आणि ऐकणाऱ्याचीही सोय, ती मी वापरली: नको असलेला प्रश्न नुसता उसासा ठरवून मोकळं व्हायचं. बाबांनी कदाचित मला ती सोय मुद्दामच ठेवली असेल. किंवा तो उसासाच असेल. थकलेल्या माणसाच्या आवाजात काकू ओळखू येत नाही.

इंग्लंडमधल्या हेन्री डेनम या मुद्रकाने १५८०च्या दशकात अशा प्रश्नांसाठी उलटं, आरशात दिसावं तसं प्रश्नचिन्ह छापून पाहिलं. फार टिकलं नाही. टिकलं असतं तरी खाटेवरून कोण दाखवणार ते?

तर उत्तर देते. चुकून खरा असला तर. याने कोणाचं भलं झालंय, असा माझा दावा नाही. साहेब अजून चिडतात. परवा नवरा वैतागून म्हणाला, "तुझ्याशी बोलण्यात काही अर्थ आहे का?"

"आहे," मी म्हटलं.

तो आणखीच भडकला, आत निघून गेला. बऱ्याच वेळाने दिवा मालवताना हळूच म्हणाला, "काय आहे?"

मला पटकन काही सुचलं नाही.