गोड टोला

मराठीत गळा गोड असतो, बोलणं गोड असतं, पहाटेची झोप तर असतेच. फटका गोड नसतो. तो सणसणीत, खणखणीत, फार झालं तर देखणा. अमेरिकेतले बेसबॉलचे शौकीन मात्र एका माणसाच्या टोल्याला गेली तीस-पस्तीस वर्षं खुशाल ‘स्वीट स्विंग’ म्हणत आले आहेत. केन ग्रिफी ज्युनियर. सिॲटल मरिनर्स या संघाचा २४ नंबर, डावखुरा, सगळ्यांचा लाडका ‘ज्युनियर’.

होमरनचा, म्हणजे चेंडू थेट कुंपणापार धाडणाऱ्या टोल्यांचा, हिशेब मांडला तर त्याच्या पुढे माणसं आहेत. त्याचे ६३०, बॅरी बाँड्सचे ७६२, हँक आरनचे ७५५, बेब रूथचे ७१४. पण त्या तिघांचं नाव निघालं की गप्पा आकड्यांवर जातात. ज्युनियरचं नाव निघालं की बोलणारा खुर्चीतल्या खुर्चीत ताठ होतो, दोन्ही मुठी डाव्या कानामागे नेतो आणि हातात नसलेली बॅट फिरवून दाखवतो. या नकलेत एक चूक हमखास होते. तिच्याकडे येऊच, आधी असल माल पाहून घेऊ.

बॅटरपुढे जमिनीत बसवलेली पाटी म्हणजे होमप्लेट, आणि फटक्यानंतर धावत गाठायचे टप्पे म्हणजे बेस. डावखुरा बॅटर होमप्लेटच्या पहिल्या बेसकडच्या अंगाला उभा राहतो. तोंड तिसऱ्या बेसकडे, उजवा खांदा पिचरकडे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याकडे. ग्रिफीचं उभं राहणं जवळजवळ आळशी वाटावं इतकं साधं होतं. कण्यात वाक नाही, गुडघे जेमतेम सैल, हात उंच, डावं कोपर वर, बॅटचं टोक आभाळाकडे. ते टोक मात्र स्वस्थ नसायचं. पिचर तयारी करत असेतो बारीक बारीक गिरक्या घेत राहायचं. नखरा वाटतो, पण त्याला काम आहे. करकचून आवळलेल्या मुठीतून बॅट वेगाने सुटत नाही. ती बोटांत धरायची असते, तळव्यात नाही. हात हलता ठेवला की बोटं आपोआप सैल राहतात. स्वयंपाकघरात पोळी लाटणाऱ्या हाताने लाटणं जसं धरलेलं असतं, साधारण तेवढंच.

म्हणजे सौंदर्य या उभं राहण्यात आहे का? तसंही म्हणता येत नाही, कारण पेनसिल्व्हेनियातल्या डोनोरा नावाच्या छोट्या पोलादी गावाने याचा उलटा दाखलाही देऊन ठेवला आहे. ग्रिफी तिथे २१ नोव्हेंबर १९६९ला जन्मला. त्याच गावात, त्याच तारखेला, १९२० साली स्टॅन म्युझियल जन्मला होता. तोही डावखुरा, तोही महान: ३,६३० हिट, म्हणजे बेस गाठून देणारे फटके. पण म्युझियल उभा राहायचा तो गुडघ्यांत वाकून, पिचरकडे पाठ वळवून, अंगाचं वेटोळं करून. गाव एक, तारीख एक, हात एक आणि पवित्रे दोन टोकांचे. दोघांचेही टोले बघत राहावे असे. तेव्हा पवित्रा हा ज्याच्या त्याच्या हाडांचा प्रश्न. खरी गोष्ट चेंडू सुटल्यावर घडते.

आणि ती फार थोड्या वेळात घडते. पिचरच्या फळीपासून होमप्लेटपर्यंत अंतर ६० फूट ६ इंच. पिचरचा हात पुढे येऊन चेंडू सुटतो तेव्हा त्यातले साधारण ५५ फूट उरलेले असतात. ताशी १४५ किलोमीटरचा चेंडू ते ०.४ सेकंदात कापतो. बॅट फिरवायलाच सुमारे ०.१५ सेकंद लागतात. उरल्या पाव सेकंदात चेंडू ओळखायचा, तो कुठे येणार हे ताडायचं, मारायचा की सोडायचा ते ठरवायचं. क्रिकेटच्या बॅटला १०.८ सेंटिमीटरपर्यंत रुंद सपाट पाटी मिळते. इथे दंडगोल, जास्तीत जास्त ६.६ सेंटिमीटर जाडीचा, आणि समोरून येणारा चेंडूही गोल. गोलावर गोल. बॅट सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर वर लागली तर चेंडू जमिनीत, खाली लागली तर आभाळात आणि कुणाच्या तरी हातात.

एवढ्या घाईत आपण घाईत नाही असं दिसणं, हे ग्रिफीचं कसब. व्हिडिओ एकेक चौकट पुढे सरकवला की ते कळतं. आधी उजवं पाऊल जरासं उचलून वीतभर पुढे टेकतं. पाऊल पुढे जातं तसे हात आणखी इंचभर मागे जातात. डोळ्यांना पहिला सुखद धक्का इथे बसतो: शरीर दोन दिशांना निघालेलं असतं आणि तरी ओढाताण दिसत नाही. मग कंबर फिरू लागते, हात अजून मागेच. बेंबी पिचरकडे वळू लागली तरी मुठी डाव्या खांद्याजवळ थांबलेल्या. कमरेपाठोपाठ छाती, छातीपाठोपाठ खांदे, मग हात आणि सगळ्यात शेवटी बॅटचं जाड टोक. आसूड ओढताना असंच होतं. फटकार टोकाला ऐकू येते, जोर खांद्यातून निघालेला असतो. प्रत्येक सांधा आधीच्याकडून वेग घेतो आणि पुढच्याला देऊन स्वतः थांबतो. थांबतो हे महत्त्वाचं. चेंडू लागण्याच्या क्षणी उजवा पाय काठीसारखा ताठ झालेला असतो, कारण तो आडवा आल्याशिवाय कंबर गरकन फिरत नाही. मागची टाच वर, डावं कोपर बरगडीला लागून, डोकं मात्र सुरुवातीला जिथे होतं तिथेच.

आणखी एक बारकावा. पिचर दहा इंच उंच मातीच्या उंचवट्यावरून टाकतो, शिवाय गुरुत्वाकर्षण आहेच. त्यामुळे सरळ वाटणारा चेंडू प्लेटवरून जाताना सहा ते दहा अंशांनी खाली उतरत असतो. त्याला त्याच रेषेत भेटायचं तर बॅट किंचित चढती हवी. टेड विल्यम्स हे पोटतिडकीने सांगायचे, आणि १९४१च्या हंगामात .४०६ची सरासरी (हजारात ४०६ वेळा हिट) ठेवलेला माणूस सांगत असेल तर ऐकावं. कुऱ्हाडीसारखी वरून खाली आलेली बॅट चेंडूच्या वाटेला एका बिंदूत छेदते, तो बिंदू चुकला की संपलं. चढती बॅट त्या वाटेवर हातभर सोबत चालते. थोडं लवकर, थोडं उशिरा, तरी चेंडू लागतो. ग्रिफीच्या टोल्यातला तो लांबलचक, वर जाणारा झोका अंगचा नखरा म्हणून आवडतो खरा, पण तो चुकीला जागा ठेवणारा हिशेबी झोका आहे.

आता डावखुरेपणाची गोष्ट. डावरा फलंदाज जात्याच देखणा, ही समजूत आपल्याकडेही आहे; अजित वाडेकरांपासून सांगलीच्या स्मृती मंधानापर्यंत तिला खतपाणी मिळत आलं आहे. उजव्यांच्या जगात डावं वेगळं दिसतं म्हणून सुंदर वाटतं, हे नेहमीचं उत्तर. बेसबॉलपुरतं मला दुसरं एक कारण जास्त पटतं, आणि ते अगदीच गद्य आहे: कॅमेरा. मुख्य कॅमेरा मैदानाच्या मागच्या कुंपणापाशी असतो, पण पिचर आड येऊ नये म्हणून तो मध्यापासून जरा डाव्या फील्डच्या बाजूला सरकवलेला असतो. तिथून उजव्या बॅटरची पाठ जास्त दिसते. डावखुऱ्याची छाती, दोन्ही हात, चेहरा, सगळं समोर. नाटकातला नट प्रेक्षकांकडे तोंड करून बोलतो तसा डावखुरा घरबसल्या प्रेक्षकांकडे तोंड करून मारतो. शिवाय टोल्याचा ओघ त्याला आपोआप पहिल्या बेसच्या दिशेने वळवतो, म्हणजे फटका संपतो आणि चाल सुरू होते त्यांत सांधा दिसत नाही. उजव्याला थांबून दिशा बदलावी लागते.

तर नकलेतली चूक. बघणाऱ्याच्या मनात शेवट ठसतो: बॅट उजव्या खांद्यावरून पाठीमागे गेलेली, अंग ताठ, नजर उंच. नायकेच्या ग्रिफीवरच्या ‘स्विंगमॅन’ चिन्हातही तीच काळी आकृती आहे. म्हणून टोपी उलटी घातलेली पोरं आधी शेवट गिरवायला घेतात. उंच शेवट काढायचा म्हणून उजवा खांदा लवकर उघडतात. मग बाहेरच्या कडेचा चेंडू बॅटच्या पुढूनच निघून जातो. चढता झोका हवा म्हणून डावा खांदा खाली पाडतात. मग बॅट चेंडूखालून जाते आणि पायाशी झेल उडतो. ऐट हवी म्हणून हात अंगापासून लांब फेकतात. मग मोठ्या वर्तुळात फिरणारी बॅट उशिरा पोचते, आणि आतला चेंडू बोटांपाशी लागून मुंग्या येतात. सगळ्यांत सार्वत्रिक दोष मनगटाचा. चेंडू लागताना डावखुऱ्याचा डावा तळवा आभाळाकडे आणि उजवा जमिनीकडे हवा. मनगटं त्याआधीच उलटली की बॅट चेंडूच्या डोक्यावरून घसरते आणि दुसऱ्या बेसकडे लोळत जाणारा दुबळा चेंडू निघतो. तो उंच शेवट हा मधल्या सगळ्या गोष्टी नीट झाल्याची पावती आहे. खरेदी न करता पावती फाडत बसण्यात काय अर्थ!

ही पावती मिळवायची किंमत हाडांनी मोजावी लागते, हे व्हिडिओत दिसत नाही. बॅटच्या मुठीच्या शेवटी जी गोल गाठ असते तिला नॉब म्हणतात. खालचा हात तिच्यावर टेकलेला असतो आणि तळव्याच्या करंगळीकडच्या बुडाशी हॅमेट नावाचं एक आकडेदार हाड असतं. हजारो टोल्यांत नॉब नेमका त्या आकड्यावर दाबत राहतो. १९९६ मध्ये ग्रिफीच्या उजव्या हाताचं, म्हणजे खालच्याच हाताचं, हेच हाड मोडलं. आदल्या वर्षी सिॲटलच्या किंगडोम स्टेडियमच्या भिंतीवर झेपावत झेल घेताना डावं मनगट मोडलं होतं. त्यात धातूची पट्टी आणि सात स्क्रू बसवले होते. म्हणजे १९९६च्या हंगामात तो दोन्ही हातांनी दुखणाईत होता. त्या वर्षीचे होमरन ४९. पुढच्या दोन वर्षांत ५६ आणि ५६.

बॅटही काही अगडबंब नव्हती. लुईव्हिल स्लगरचं सी-२७१ मॉडेल, ३४ इंच लांब, वजन साधारण ३१ औंस, म्हणजे पावणेनऊशे ग्रॅमच्या आसपास. टोकाला वाटीसारखी खोबण, वजन तेवढंच कमी व्हावं म्हणून. बेब रूथ चाळीस औंसांहून जड बॅट फिरवायचा. वेग वाढवायचा तर वजन सोडावं लागतं, आणि रूथच्या काळापेक्षा चेंडूही फार वेगाने येऊ लागले होते.

आता ‘गोड’ या शब्दाकडे परत यायला हरकत नाही. बॅटच्या टोकापासून पाच ते सात इंच आत एक पट्टा असतो. तिथे चेंडू लागला तर लाकूड जवळजवळ थरथरत नाही. हाताला झिणझिण्या येत नाहीत, चेंडू लागला हेच मुळी कळत नाही म्हणतात. फक्त कोरडा, टणक आवाज येतो. बॅट आणि चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका. त्या पट्ट्याला इंग्रजीत ‘स्वीट स्पॉट’ म्हणतात. तेव्हा गोडवा हा प्रेक्षकांचा भाबडेपणा नाही, तो लाकडातच कुठेतरी असतो. १२ जुलै १९९३ला बाल्टिमोरच्या कॅम्डन यार्ड्स मैदानावर, होमरन डर्बी या होमरन मारण्याच्या स्पर्धेत, ग्रिफीचा एक चेंडू त्या पट्ट्यावरून निघाला तो उजव्या फील्डमागचा रस्ता ओलांडून रेल्वेच्या जुन्या विटांच्या गोदामावर थेट आदळला. अंतर ४६५ फूट. त्या दिवशी डर्बी त्याने जिंकली नाही, हुआन गोन्झालेसने जिंकली. ते आता आठवून सांगावं लागतं.

२०१६ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे बेसबॉलच्या दिग्गजांच्या मानाच्या यादीसाठी, ४४० पैकी ४३७ मतं त्याला मिळाली. उरलेल्या तिघांना काय खटकलं असेल यावर शौकिनांनी बरीच डोकेफोड केली. करायचीच तर ती २०१० सालावर करावी. ग्रिफी चाळीस वर्षांचा, पुन्हा सिॲटलच्या जर्सीत, शेवटचा हंगाम. ती चित्रफीत लावून पाहिली तर तेच ताठ उभं राहणं, त्याच गिरक्या, तेच वीतभर पाऊल, तोच उंच झोका. आवाज बंद करून पाहिलं तर साल ओळखणं कठीण. फरक पडला होता तो सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाचा, आणि प्लेटपाशी चेंडू तेवढ्यात सदतीस-अडतीस सेंटिमीटर पुढे जातो. प्लेटची रुंदीच ४३. टोला तोच, चेंडू मात्र तोवर निघून गेलेला. त्या वर्षी ३३ सामन्यांत त्याची सरासरी .१८४ होती आणि होमरन शून्य. जूनच्या दुसऱ्या तारखेला त्याने निवृत्ती जाहीर केली. त्या ३३ सामन्यांतले हुकलेले टोलेही लोक अजून सावकाश, एकेक चौकट करून पाहतात.