"ती पी. टी. उषाची कोण?"

सोसायटीच्या क्विझमध्ये प्रश्न आला: जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत भारताचं पहिलं पदक कुणाचं? "नीरज चोप्रा!" पोरं एकसुरात ओरडली. गुणही मिळाले.

मी म्हटलं, "अहो, अंजू बॉबी जॉर्ज! लांब उडी, पॅरिस, 2003. कांस्य." तर शेजारच्या काकूंनी विचारलं, "ती पी. टी. उषाची कोण?"

कोण म्हणजे? दोघी केरळच्या, एवढंच!

हसू आलं, पण डोक्यातून जाईना. नीरजचं रौप्य 2022 चं, म्हणजे तब्बल 19 वर्षांनंतरचं. अथेन्स ऑलिंपिकमध्ये अंजूने 6.83 मीटर उडी मारली, तो राष्ट्रीय विक्रम दोन दशकांहून जास्त टिकला. खाली पार्किंगमध्ये मोजून बघा, दीड गाडी लागते. आणि 2020 मध्ये तिने स्वतःच सांगितलं की हे सगळं एकाच किडनीवर केलं, वर पेनकिलरचीही अ‍ॅलर्जी. इतकी वर्षं ती गप्प होती, याचंच मला जास्त नवल वाटतं.

नीरजवर राग नाही हो, पोरगा सोन्यासारखा आहे. पण लांब उडी टीव्हीवर लागली, तर आपण किती जण चॅनल बदलणार नाही?