घरच्या टँकमध्ये वाम: वाळू, झाकण आणि सोलापूरचा उन्हाळा (माझा अनुभव)

उजनीच्या पाणलोटात आणि भीमेत मिळणारी वाम घरच्या टँकमध्ये वर्षानुवर्षं जगते. तरीही आणलेल्या बहुतेक वामी पहिल्या काही आठवड्यांतच जातात. आजाराने जाणाऱ्या त्यात कमी. एक तर वाम बाहेर पडून फरशीवर सुकते, किंवा खरखरीत वाळूने अंग सोलवटून जाते, किंवा काहीच न खाता खंगते. ही तिन्ही कारणं मासा घरी यायच्या आधीच निकालात काढता येतात. मी टँक कसा तयार करतो आणि उन्हाळा कसा पार पाडतो, ते इथे सांगतो.

इथे वाम म्हणजे गोड्या पाण्यातली, पाठीवर काट्यांची रांग असलेली, शास्त्रीय नाव मॅस्टासेम्बेलस आर्मेटस. नदीत ती ९० सेंटीमीटरपर्यंत वाढू शकते, टँकमध्ये साधारण ५० पर्यंत. दिवसा ती वाळूत किंवा कपारीत पडून असते आणि रात्री तळ हुंगत शिकार करते. तिला उंच टँकचा उपयोग नाही, तळ मोठा हवा. पाच फूट लांब, दोन फूट रुंद आणि दीड फूट उंच हे माप मला योग्य वाटतं. दोन फूट रुंदी असली की मोठी वामही अंग न घासता वळते. काच १० मिलिमीटरची घ्यायची आणि वरच्या कडेला आतून पट्ट्या लावून घ्यायच्या. वाळू भरून, वरून सहा सेंटीमीटर मोकळे सोडल्यावर पाणी सुमारे ३०० लिटर बसतं. काच, वाळू, पाणी असं सगळं धरून वजन अर्ध्या टनाच्या आसपास जातं. त्यामुळे लोखंडी अँगलचा स्टँड आणि तळमजला उत्तम. वरच्या मजल्यावर ठेवायचाच असेल तर भिंतीला लागून, तुळईच्या रेषेत ठेवावा.

आता वाळू. सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवतो. बांधकामावर हल्ली सगळीकडे क्रश सँड दिसते, ती टँकमध्ये अजिबात नको. दगड फोडून केलेली असल्यामुळे तिच्या कणांना धारदार कडा असतात. वामीचे खवले अगदी बारीक असतात, त्यांच्यावर फक्त बुळबुळीत थराचं संरक्षण. अशा वाळूत ती दोन-चार दिवस घुसली की अंगावर ओरखडे उठतात आणि त्यावर बुरशी धरते. नदीची गोल कणांची वाळू मिळाली तर रव्याच्या चाळणीतून खाली पडेल आणि मैद्याच्या चाळणीवर उरेल तेवढीच घ्यायची. तीही न मिळाली तर ॲक्वेरियमच्या दुकानातली बारीक, गोल कणांची वाळू घ्यावी, पण रंगीत खडी नको. चाळलेली मूठभर वाळू वाटीत घेऊन वर व्हिनेगर टाकून बघायचं. बुडबुडे आले तर तिच्यात चुनखडी आहे. आपल्याकडचं बोअरचं पाणी आधीच जड असतं, त्यात अशी वाळू ते आणखी जड करत राहते. वाळू धुताना वरचं पाणी नितळ होईपर्यंत धुवायची. ते गढूळ पाणी झाडांना घालता येतं.

दगड मात्र वाळूच्या आधी, थेट तळाच्या काचेवर पातळ थर्माकोल घालून बसवायचे. वाळूवर ठेवलेल्या दगडाखाली वाम शिरते, खालची वाळू सरकते आणि दगड तिच्यावरच येतो. दगड बसले की सात सेंटीमीटर जाडीचा वाळूचा थर पसरायचा, साधारण १०० किलो वाळू लागते. जोडीला दोन इंची पीव्हीसी पाइपचे दीड फुटाचे दोन तुकडे, दोन्ही तोंडं उघडी, कापलेल्या कडा पॉलिश पेपरने घासलेल्या. लपायला एवढं मिळालं की वाम लवकर स्थिरावते. मागच्या कोपऱ्यातली वाळू आठवड्यातून एकदा काडीने उकरायची, नाहीतर तिथे काळे चट्टे पडून सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. तो वायू माशाला विषारी असतो.

फिल्टर म्हणून तासाला १५०० लिटर पाणी फिरवणारा कॅनिस्टर (टँकबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) आणि सोबत एक मोठा स्पंज फिल्टर ठेवतो. कॅनिस्टरच्या ओढणाऱ्या पाइपवर स्पंज चढवायलाच हवा, लहान वाम त्यात सहज शिरते. मग मासा न सोडता टँक चार ते सहा आठवडे चालवायचा. रोज चिमूटभर खाद्य टाकायचं, म्हणजे माशाला विषारी असलेला अमोनिया आणि नायट्राइट पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढतात, आणि ड्रॉप टेस्ट किटने तपासायचं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याशिवाय मासा आणायचा नाही. चालू टँकमधला मळका स्पंज मिळाला तर तो या पाण्यात पिळायचा, दिवस बरेच वाचतात. सोलापुरात ही घाई जास्त महागात पडते. कारण पीएच ७ वरून ८ वर गेला की अमोनियाचा विषारी भाग जवळपास दहापट होतो, आणि गरम पाण्यात त्यात भरच पडते.

पाणी बदलायचं वेळापत्रक नळाच्या वेळापत्रकाला बांधलेलं असतं. चार-पाच दिवसांआड नळ येणाऱ्या भागात फक्त टँकसाठी एक निळा ड्रम वेगळा भरून ठेवावा. नळाच्या पाण्यातला क्लोरीन उडावा म्हणून त्यात एअर स्टोन सोडून २४ तास हवा द्यायची. तातडी असेल तर १०० लिटरला एक ग्रॅम हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. क्लोरीन किटमध्ये पाणी पिवळं झालं नाही याची खात्री करायची, मगच ते टँकला लावायचं. आठवड्याला ७५ लिटर बदलले की पुरतं.

मासा आणताना १२ ते १५ सेंटीमीटरची वाम निवडतो. या वयात ती नवं खाणं लवकर शिकते. गळाला लागलेली घेऊ नये, आतल्या जखमा बाहेरून दिसत नाहीत. सापळ्यात सापडलेली, पोट आत न गेलेली, डोळे स्वच्छ आणि अंगावर पांढरा चट्टा नसलेली घ्यायची. मासेमारांना आधी सांगून ठेवलं तर तशी वेगळी काढून ठेवतात. पिशवी दुहेरी हवी, कारण पाठीचे काटे प्लास्टिक भोसकतात. पिशवीचे खालचे कोपरे रबराने बांधायचे, नाहीतर वाम तिथे अडकून गुदमरते. एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन. टेंभुर्णीहून सोलापूरपर्यंतचा प्रवास तिला सहज झेपतो, फक्त पिशवी थर्माकोलच्या खोक्यात ठेवा आणि शक्यतो भल्या पहाटे निघा. वाम जाळीने कधीच उचलू नये, काटे जाळीत अडकतात आणि सोडवताना कातडी फाटते. पाण्यात पीव्हीसीचा तुकडा आडवा धरला की ती आपणहून आत शिरते. मग दोन्ही तोंडांवर तळहात ठेवायचे आणि पाइपसकट उचलायची.

पहिले तीन-चार आठवडे ती वेगळ्या टँकमध्ये. वाळूने भरलेला डबा आणि एक पाइप एवढं तिथे बास. नदीच्या माशाच्या पोटात जंत असण्याची शक्यता बरीच. खाऊनही पोट आत ओढलेलं राहत असेल तर जाणकार पशुवैद्यकाला विचारून जंतांचं औषध द्यावं. परजीवीमुळे अंगावर येणाऱ्या पांढऱ्या ठिपक्यांसाठी दुकानात मिळणारी तांब्याची आणि मॅलाकाइट ग्रीनची औषधं वामीला सोसत नाहीत. मी पाणी हळूहळू ३० अंशांवर नेऊन दोन आठवडे तिथे ठेवतो आणि हवा वाढवतो. या तापमानाला त्या परजीवीची वाढ थांबते.

खाण्याची सवय हा सगळ्यात संयमाचा भाग. आठवडा-दोन आठवडे ती काहीच खात नाही, तेव्हा हात घालून ढोसू नये. सुरुवात जिवंत गांडुळाने. मात्र गांडूळखताच्या बेडमधली लाल गांडुळं डिवचली की कडवट पिवळा द्रव सोडतात आणि बऱ्याच वामी ती थुंकतात. कुंडीतल्या किंवा फवारणी न झालेल्या जमिनीतल्या साध्या गांडुळांना तसा वास नसतो. रात्रभर ओल्या फडक्यात ठेवायची म्हणजे पोटातली माती निघून जाते. दिवे बंद करून अर्ध्या तासाने लांब चिमट्याने गांडूळ वाळूजवळ धरायचं. अंधुक उजेडात बघितलं तर आधी वाळूतून फक्त नाकाचं मांसल टोक वर येतं. त्याच्या दोन्ही बाजूंना बारीक नळ्या असतात, त्या डावी-उजवीकडे फिरतात. नजरेपेक्षा वासावरच तिचा भर. मग ती गांडुळाचं एक टोक धरते आणि शेवई ओढावी तसं सगळं आत घेते.

हे रोज व्हायला लागलं की गांडूळ कापून द्यायचं. त्यानंतर सोललेल्या कोळंबीच्या तुकड्याला गांडुळाचा रस चोळून, चिमट्याने हलवत द्यायचं. चिलापीच्या मांसाच्या पट्ट्याही चालतात, आधी आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवलेल्या. फक्त कोळंबीवर ठेवू नये. कोळंबीत आणि काही माशांत थायामिनेज असतं, ते बी१ जीवनसत्त्व नष्ट करतं. गांडूळ कायम आलटून पालटून हवंच. लहान वामीला रोज थोडं, फूटभर झालेल्या वामीला आठवड्यातून तीनदा. उरलेलं सकाळी काढून टाकायचं. शिकार बघायची हौस म्हणून गोल्डफिश सोडण्याची पद्धत मला अजिबात पटत नाही. रोग घरात येतो, थायामिनेजही त्यात भरपूर, आणि वाम मेलेलं खाणं विसरते.

सोबतीला तोंडात न मावणारे, वरच्या थरात फिरणारे मासे ठेवा. मोठे बार्ब, सिल्व्हर डॉलर, मोठी गुरामी. सकर मासा नको, तो वामीच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतो. दुसरी वामही नको, मोठ्या झाल्या की जागेवरून भांडतात.

आता झाकण आणि उन्हाळा, कारण सोलापुरात हे दोन्ही एकमेकांच्या आड येतात. वाम शेपटीच्या जोरावर पाइपला धरून वर चढते, तिला बोटभर फट पुरते. म्हणून एरवी काचेचं झाकण, वर वजन, आणि वायर-पाइपच्या प्रत्येक भोकात घट्ट स्पंज. पण एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे गेला की बंद टँकचं पाणी ३४ पर्यंत चढतं. वामीला २४ ते २८ मानवतं. ३० च्या वर फार दिवस ठेवू नये, कारण पाण्यातला प्राणवायू घटतो आणि तिची गरज मात्र वाढते.

मार्चमध्येच मी काच काढून ॲल्युमिनियमच्या चौकटीत बसवलेली स्टीलची जाळी लावतो, चारही बाजूंनी क्लिपा. मच्छरदाणीची जाळी वाम ढकलून फाडते. जाळीवर कॉम्प्युटरमधले १२ व्होल्टचे चार पंखे, पाण्यावर तिरका वारा जाईल असे. एक लिटर पाणी वाफ होताना जेवढी उष्णता घेऊन जातं, तेवढ्यात ३०० लिटर पाणी जवळपास दोन अंशांनी उतरतं. आपली हवा उन्हाळ्यात कोरडी, त्यामुळे हा उपाय इथे चांगला लागू पडतो, तीन-चार अंशांचा फरक सहज पडतो. उडालेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्याने करायची. क्षार उडत नाहीत, आणि नळाचं पाणी घालत राहिलात तर महिन्याभरात टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, कुठल्या कुठे जातो. बर्फाच्या बाटल्या सोडू नयेत, दुपारी खाली आणि रात्री वर असा झोका माशाला जास्त त्रास देतो.

लाइट गेली की आपोआप सुरू होणारा बॅटरीचा एअर पंप उन्हाळाभर जोडलेला हवा, आणि त्या काळात खाणं निम्मं. भर दिवसा वाम काचेला लागून वर-खाली करत असेल किंवा पृष्ठभागावर नाक लावून असेल, तर आधी हवा वाढवा, मग अमोनिया तपासा. औषधाची बाटली त्यानंतर.

पावसाने हवा दमट झाली की पंख्यांचा उपयोग कमी होतो, पण तोवर तापमानही उतरलेलं असतं. तेव्हा जाळी काढून काच परत बसवतो. मार्चपासून वाम वाढलेली असते, तिचा जोरही वाढलेला असतो, म्हणून काचेवरचं वजन दरवर्षी वाढवावं लागतं.