रापणीचा दोर

आज सकाळी मालवणच्या किनाऱ्यावर रापण (माणसांनी काठावरून दोराने ओढायचं मोठं जाळं) ओढताना दिसली आणि पाय तिथेच थांबले. लहानपणी शाळेआधी मी आणि माझा मित्र, आम्ही दोघं त्या दोराला लोंबकळायचो. तळहात सोलवटून निघायचे, पण वाट्याला ओंजळभर तारल्या आल्या की स्वर्ग! भांडण एकच, मोठा बांगडा कोणाचा. ते दिवस फार आठवतात.

आता त्याची पर्ससीनची, म्हणजे मोठ्या जाळ्याने माशांचा अख्खा थवा वेढणारी, बोट आहे, मी रापणीच्या बाजूचा. पर्ससीनवरच्या २०१६ च्या सरकारी निर्बंधांवरून कितीदा वाजलंय आमचं. आजही वाजलं. पण त्याच्या डोक्यावरचं कर्ज, रात्रीची झोप उडणं, हे मी पहिल्यांदाच मधे न बोलता ऐकलं. मत माझं तेच, त्याचंही तेच.

निघताना त्याने माझ्या पिशवीत चार बांगडे टाकले. मोठा मुद्दाम वर ठेवलेला.