ती एक मोकळी जागा

‘पुढे एक बाईक कमी आहे, कुणीतरी भरा की ती जागा.’ आज ‘रन फॉर द वॉल’चा, म्हणजे युद्धात गेलेल्या आणि बेपत्ता झालेल्या अमेरिकन सैनिकांच्या आठवणीत निघणाऱ्या बाईक-ताफ्याचा व्हिडिओ बघताना शेजारी कुणीतरी सहज बोललं आणि ते वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना.

ती जागा मुद्दाम सोडलेली असते. जे परतले नाहीत, त्यांच्यासाठी.

1989 पासून मे महिन्यात हा ताफा कॅलिफोर्नियातून निघतो आणि मेमोरियल डेच्या, म्हणजे अमेरिकेतल्या शहीद सैनिकांच्या स्मृतिदिनाच्या सुमारास वॉशिंग्टनला पोहोचतो. रस्त्यावर ती जागा राखणं सोपं नाही. हाताला सवयच असते मोकळं दिसलं की भरायची. शिवाय लांब रांगेत पुढच्याने ताशी पाच मैल वेग कमी केला, तर शेवटच्याला करकचून ब्रेक लावावा लागतो, कारण प्रत्येकजण आधीच्यापेक्षा जरा उशिरा आणि जरा जास्त दाबतो. म्हणून नजर समोरच्या टायरवर नाही, चार-पाच गाड्या पुढे हवी. आणि टाकी फुल करूनच रांगेत यायचं. एक गाडी बंद पडली तरी मागची सगळी रांग विस्कटते.

शेवटी ती काळ्या ग्रॅनाइटची भिंत, व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांचं स्मारक. 58,000 हून अधिक नावं, ज्या क्रमाने माणसं गेली त्या क्रमाने. मृत्यू निश्चित झालेल्यांच्या नावाशेजारी पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची खूण, बेपत्ता असलेल्यांच्या शेजारी अधिकचं चिन्ह. अवशेषांची ओळख पटली की त्या अधिकवरच चौकट कोरतात. कुणी जिवंत परतलाच, तर त्याभोवती वर्तुळ कोरायचं ठरलेलं आहे.

घरच्यांनी किती वर्षं त्या वर्तुळाची वाट बघितली असेल?