जानेवारीतली वानरलिंगी

आज पहाटे नाणेघाटाकडून असा वारा सुटला होता की वानरलिंगी सुळक्याच्या कातळाला चढताना हात लावताच बोटं बधिर व्हायची. मागच्या हिवाळ्यात इथेच सुती लेगिंग घातली होती. ती घामाने भिजली आणि बिलेला, म्हणजे चढणाऱ्या जोडीदाराचा दोर सांभाळत, उभी राहिल्यावर मांड्या गारठून गेल्या. या वेळी नायलॉन-स्पॅन्डेक्सची, आतून मऊ लव असलेली पँट घेतली. दुकानातच पाय कमरेपर्यंत उचलून पाहिला, उकिडवी बसून पाहिलं. मांड्यांमध्ये पतंगाच्या आकाराचा जोड आहे, त्यामुळे शिवण ओढत नाही. कंबरपट्टा रुंद आणि सपाट, हार्नेसखाली (दोर अडकवायच्या कमरेच्या पट्ट्याखाली) गाठ रुतत नाही. मुलींनो, आधी हे बघा, रंग नंतर! वरच्या टप्प्यात गुडघा बेसॉल्टवर चांगलाच घासला, पण कापडावर नुसता पांढरट ओरखडा. आत्ताच धुऊन वाळत घातलीये.