फेअरबँक्समध्ये उन्हाळ्यात लायसन्स घेतलं, पण रात्रीच्या तासांचं काय?

अमेरिकेत खासगी वैमानिकाच्या लायसन्ससाठी इन्स्ट्रक्टरबरोबर रात्रीचं 3 तास उड्डाण लागतं. त्यात विमान पूर्ण थांबवून 10 लँडिंग आणि एकूण 100 नॉटिकल मैलांहून लांबचा एक प्रवास. अलास्कातल्या फेअरबँक्सला मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत ही रात्रच होत नाही. सूर्य मावळतो, पण क्षितिजाखाली 6 अंश उतरत नाही, आणि तितका उतरल्याशिवाय नियमातली रात्र सुरू होत नाही. मी जूनमध्ये परीक्षा दिली तेव्हा लॉगबुकात रात्रीचा रकाना कोरा होता.

यासाठी अमेरिकेच्या विमान वाहतूक नियमांत कलम 61.110 आहे. अलास्कात राहणाऱ्या आणि तिथेच शिकणाऱ्याला 'रात्री उड्डाणास मनाई' असा शेरा मारून लायसन्स मिळतं. राहिलेलं प्रशिक्षण 12 कॅलेंडर महिन्यांत पुरं करायचं, नाहीतर ते पुरं होईपर्यंत लायसन्स बाद. हिशेब इथेच चुकतो. जूनमध्ये मिळालेल्या लायसन्सची मुदत पुढच्या जूनअखेर, पण रात्र मेच्या मध्यालाच संपलेली असते. त्यामुळे एप्रिल हीच शेवटची मुदत धरावी.

ऑगस्टच्या सुरुवातीला रात्र मिळते ती मध्यरात्रीनंतर साधारण पाऊण ते तीन वाजेपर्यंत. त्या वेळेला इन्स्ट्रक्टर मिळणं कठीण, आणि दिवसभर काम करून आलेल्या माणसाने तेव्हा लँडिंग शिकू नये असं माझं ठाम मत आहे. शिवाय त्या दिवसांत आणखी एक घोटाळा होतो. प्रवासी नेण्यासाठी 90 दिवसांत रात्रीची 3 लँडिंग लागतात, आणि त्यासाठी रात्र मोजतात सूर्यास्तानंतर 1 तासापासून. प्रशिक्षणाची रात्र मात्र 6 अंशांची. मुंबईत सूर्यास्तानंतर बावीस-चोवीस मिनिटांत सूर्य तितका उतरतो, इथे ऑगस्टच्या सुरुवातीला दीड तासाहून जास्त लागतो. मधल्या अर्ध्या तासातली लँडिंग प्रवाशांच्या हिशेबात धरली जातात, प्रशिक्षणाच्या नाही. लॉगबुकात लँडिंगची वेळ मिनिटांसकट लिहा.

सप्टेंबरचा तिसरा आठवडा मला सर्वांत सोयीचा वाटला. सूर्यास्त आठच्या सुमारास, पावणेनऊला रात्र. दिवस रोज सहा-सात मिनिटांनी आखडतो, म्हणून सूर्यास्ताच्या वेळांचा मागच्या आठवड्याचा तक्ता वापरू नका. डिसेंबरमध्ये रात्र हवी तेवढी असते, पण इंजिन आधी गरम करण्यातच संध्याकाळ जाते.

100 मैलांच्या प्रवासासाठी नेनाना हे गाव जवळचं म्हणून अनेकांच्या डोक्यात येतं. ते सरळ रेषेत 35 नॉटिकल मैलांच्या आसपास आहे आणि एक लँडिंग 50 च्या पलीकडे हवं, म्हणून ते चालत नाही. इंधन ठरलेल्या ठिकाणी पोचून वर 45 मिनिटांचं शिल्लक हवं, दिवसाच्या 30 च्या सवयीने भरू नका. लहान विमानतळांवर धावपट्टीचे दिवे बहुधा रेडिओवरून लावावे लागतात: 5 सेकंदांत माइकचं बटण 7 वेळा दाबलं की पूर्ण प्रकाश, 15 मिनिटांनी आपोआप बंद. आधीच्या विमानाने लावलेले दिवे दिसले तरी फायनलपूर्वी, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेत उतरायला लागण्याआधी, बटण पुन्हा दाबा, कारण त्यांची किती मिनिटं उरली आहेत हे आपल्याला ठाऊक नसतं.

तास पुरे झाल्यावर इन्स्ट्रक्टरची सही असलेल्या नोंदी परीक्षकाला दाखवल्या आणि शेरा निघाला.